तळहाताएवढी माती

आत्याचा राग नाकावर असतो, हे त्या घरात सगळ्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. माणसाला एकदा रागीट ठरवलं की बाकीच्यांची मोठी सोय होते. त्याला राग का आला हे विचारायची गरजच उरत नाही. त्या संध्याकाळी ती कामावरून आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, गॅलरीचं दार उघडलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अप्पांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, सगळ्या कुंड्या कुणीतरी रंगवून ठेवल्या होत्या.

साध्या विटकरी मातीच्या कुंड्या त्या. वर्षानुवर्षं पाणी पिऊन त्यांच्या अंगावर पांढरे डाग उठलेले, काठांचे कुठे कुठे टवके उडालेले. आता एक निळी, एक हिरवी, एकीला पट्टे, एकीला ठिपके, एकीला चक्क डोळे आणि मिशा. आणि रंग कुठला, तर ऑइलपेंट. काठापासून बुडापर्यंत जाड, चकचकीत, अजून चिकट. माळ्यावरचे अप्पांचे जुने डबे खाली आले होते, त्यांची झाकणं उचकटून कोपऱ्यात फेकली होती. गॅलरीभर असा वास की डोळे चुरचुरावेत.

“कशा वाटल्या?” मागून वहिनी आली. हाताला रंग, कपाळाला रंग आणि चेहऱ्यावर परोपकार. “मुलं सुट्टीत नुसती मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात. म्हटलं, काहीतरी हातानं करू या. कुंड्या घरच्या, रंग घरचे. एक पैसा खर्च नाही बघा, वन्सं.”

“कुणाला विचारून केलंत?”

“अप्पांना विचारलं की. रंग घेऊ का म्हटलं, तर घ्या म्हणाले.”

“रंग घ्या म्हणाले. कुंड्या घ्या म्हणाले का?”

वहिनीचा चेहरा उतरला. तिच्या मागे तिची तिन्ही मुलं उभी होती. मोठी मुलगी, तिच्या पाठचा मुलगा आणि सगळ्यांत धाकटी, जिला घरात सगळे शेंडेफळ म्हणत. आवाज चढलेला ऐकून दादा बाहेर आला. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. सुट्टीत आठवडाभर सहकुटुंब यायचं, खुर्चीत बसून घर कसं चालवावं हे सांगायचं आणि निघून जायचं, हा त्याचा दरवर्षीचा रिवाज. उंटावरून शेळ्या हाकायला त्याच्याइतका तयार माणूस शोधून सापडला नसता.

“काय झालं आता?” तो म्हणाला. ‘आता’वर जोर देऊन.

“कुंड्यांना ऑइलपेंट फासलाय.”

“मग? छान दिसतायत. इतकी वर्षं नुसती मातकट होती गॅलरी.”

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. खरं कारण सांगता आलं असतं तर भांडण दोन वाक्यांत संपलं असतं. पण तेच सांगायचं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

कारण असं होतं की अप्पांना दिसत नव्हतं. कमी दिसत नव्हतं, अजिबात दिसत नव्हतं. काचबिंदू. आधी कडेकडेनं अंधार आत सरकत आला, मग मधे उरलेली खिडकीएवढी जागाही गेली. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आत्या चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची, भिंगं बदलून बदलून ‘आता बरं की आधीचं बरं’ विचारायचं, आणि घरी यायचं तर जगातलं एकही भिंग जिथे चालत नाही तिथे. आणि ज्यांचे डोळे गेले तो माणूस कोण, तर पेंटर. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या अप्पांच्या हातच्या. अक्षराला सावली द्यावी तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे.

“दादाला सांगायचं नाही,” अप्पांनी तिला शपथ घातली होती. त्यालाही कारण होतं. आई गेली तेव्हाच दादानं जाहीर करून टाकलं होतं, की ज्या दिवशी अप्पांना आपलं आपण जमेनासं होईल, त्या दिवशी हे घर विकायचं आणि अप्पांनी त्याच्याकडे यायचं. त्याच्याकडे म्हणजे दूरच्या मोठ्या शहरात, उंच इमारतीत, जिथे ना गॅलरी ना ओळखीचा जिना. छोटीनं, म्हणजे आत्यानं, कुठे जायचं हे त्या जाहीरनाम्यात नव्हतं. ‘ती बघेल काहीतरी’ एवढंच होतं. तेव्हा आत्यानं अप्पांचं गुपित राखलं ते काही निव्वळ बापाच्या मायेनं नव्हे. ते घर तिचंही होतं, आणि हे ती स्वतःपासून लपवत नसे.

ताकास तूर लागू द्यायची नाही म्हटल्यावर दोघांनी एक पद्धत बसवली होती. आत्या येता-जाता सहज शब्द टाकायची. “अप्पा, चहा उजवीकडे ठेवलाय.” “अप्पा, हा निळा शर्ट उसवलाय की काय खांद्यावर?” अप्पा तो शब्द झेलायचे. सकाळी पेपर हातात धरायचे, तो सुलटा आहे ना एवढं ती बघायची. घराचा कोपरान् कोपरा त्यांच्या पायांना पाठ होता. आठवड्याच्या पाहुण्याला काय कळणार.

आणि कुंड्या. सकाळी उठलं की अप्पा गॅलरीत जायचे आणि एकेका कुंडीच्या पोटाला तळहात लावायचे. गार, ओलसर लागली तर पुढे. कोरडी, कोमट लागली तर मगभर पाणी. डोळ्यांशिवाय करता येईल आणि कुणाला कळणार नाही असं तेवढं एकच काम त्यांच्या हाती उरलं होतं. झाडं अशी वाढली होती की शेजारी कलमं मागायला यायचे. आता त्या कुंड्यांना रेनकोट घातला होता, आणि का घालू नये हे ती कुणाला सांगू शकत नव्हती.

“असू दे गं,” आतून अप्पांचा आवाज आला. ते दारात येऊन उभे राहिले, चौकटीला हात टेकून. “पोरांनी हौसेनं केलंय. निळा काय छान उठलाय.”

दुपारभर मुलांच्या बडबडीतून कुणी कुठला रंग उचलला ते त्यांनी टिपून ठेवलं होतं. मोठी खूश झाली. वहिनीनं आत्याकडे असं पाहिलं, की बघा, ज्यांच्या कुंड्या त्यांची तक्रार नाही. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला घेतली. ती भांडी आधीच घासलेली होती.

सकाळी ती गॅलरीत आली तेव्हा अप्पा तिथेच होते. पहिल्या कुंडीला तळहात, दुसरीला तळहात, मग परत पहिलीला. बाजूच्या कट्ट्यावर पाण्याची बादली. शेवटी त्यांनी अंदाजानं एकीत मग ओतला. ती आधीच भरलेली असावी, पाणी काठावरून वाहून त्यांच्या पायांवर आलं. ते तसेच उभे राहिले.

“सगळ्या सारख्याच लागतात,” ते हळू म्हणाले. “कुणाला तहान आहे तेच कळत नाही.”

“मी सांगते त्यांना. आत्ता सांगते.”

“काय सांगशील?”

तिनं खाली बसून त्यांचे पाय पुसले. पुसताना तिला वहिनीचा राग आला, दादाचा आला, त्या मिशा काढलेल्या कुंडीचा आला, आणि थोडा अप्पांचाही. शपथ घालणारा सुटतो, पाळणारा अडकतो.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. नसती तर बरं झालं असतं. जेवताना वहिनीनं नवं टुमणं काढलं. “आज दुपारी स्पर्धा. तिघांनी आपापली सगळ्यांत आवडती कुंडी आणायची. परीक्षक आपले आजोबा. एवढे मोठे पेंटर घरात असताना बाहेरचा कशाला?”

दुष्काळात तेरावा महिना. आत्याच्या हातातला घास हातातच राहिला.

“काही नको,” ती म्हणाली. “अप्पा दुपारी झोपतात.”

“एक दिवस नाही झोपले तर काय होतं?” दादा म्हणाला.

“मुलांमध्ये नंबर लावायचेच कशाला? उगाच रडारड.”

“वन्सं, तुम्हाला कालपासून खुपतंय ते,” वहिनी म्हणाली. “सरळ सांगा ना काय खुपतंय.”

“रंगच वाईट आहे तो. जुना झालाय, वास येतो, पोरांच्या हातांना—”

“पुरे,” अप्पा म्हणाले.

अप्पांनी ताटाच्या कडेला हात पुसला आणि तिच्या दिशेनं तोंड करून, सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाले, “तुला स्वतःचं पोर नाही, म्हणून दुसऱ्याच्या पोरांचं कौतुक बघवत नाही का?”

वहिनीनंसुद्धा मान खाली घातली. आत्याला कळलं, की अप्पा हे गुपित राखण्यासाठी बोलले. ती फार ताणत होती, कुणाला शंका आली असती, म्हणून तिला गप्प करायला हाताला लागेल ते फेकून मारलं. पण हाताला नेमकं तेच कसं लागलं? ते कुठेतरी ठेवलेलं असल्याशिवाय लागत नाही. ती उठली, ताट मोरीत ठेवलं आणि ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. इतकी वर्षं जिनं यांना शब्द पुरवले, तिला यांनी हा शब्द दिला. तिला रडू आलं नाही. तिचा राग एकदम गार झाला, आणि गार राग वाईट.

दुपारी बैठकीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. तिघांनी कुंड्या आणून ठेवल्या. अप्पा खुर्चीत ताठ बसले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात.

“मला एकेक हातात द्या,” अप्पा म्हणाले. “लांबून बघतात ते गिऱ्हाईक. पेंटर हातात घेऊन बघतो.”

हुशार म्हातारा. मोठीची कुंडी मांडीवर घेऊन त्यांनी अंगठा फिरवला. “थर जाड दिलास. इथे ओघळ आलाय बघ. डबा ढवळला नव्हतास. पण पट्टा सरळ ओढलाय, मनगट स्थिर आहे.” मोठीचे डोळे विस्फारले. पाठच्याची कुंडी घेतली. “ठिपके कशानं दिलेस? बोटानं? ब्रशच्या मागच्या टोकानं द्यायचे, गोल येतात. आणि पहिला हात वाळू द्यायचा राजा. घाई झाली तुला.” तो लाजून हसला. दादा कौतुकानं मान डोलवत होता. अप्पांना रंग चढला होता. कितीतरी दिवसांनी ते पेंटर झाले होते, त्यांचा आवाजही तरुण झाला होता. आत्याला ते बघवत नव्हतं आणि डोळेही हटवता येत नव्हते. आपल्याला सैतान करून हे देव झाले, असं तिच्या मनात आलं.

मग शेंडेफळानं आपली कुंडी त्यांच्या मांडीवर ठेवली. डब्याच्या तळाशी उरलेला रंग तिच्या वाट्याला आला होता. पुढच्या बाजूला तो कसाबसा फासून, मागची बाजू तशीच सोडून ती खेळायला पळाली होती. भिंतीकडची बाजू कोण बघतंय, असा तिचा हिशेब.

अप्पांचा अंगठा रंगावरून गेला आणि तळहात मागे पोचला. तिथे थांबला. तिथे माती होती. उघडी, खरखरीत, किंचित गार. अप्पांनी तो हात काढलाच नाही. त्यांचा चेहरा असा सैल पडला, जसं गर्दीत हरवलेल्या माणसाला घरचं कुणी दिसावं.

“हिचा पहिला नंबर,” ते म्हणाले.

“काय?” मोठी उसळली. “आजोबा, तिनं अर्धी रंगवलीच नाहीये.”

“म्हणूनच.”

“म्हणूनच म्हणजे काय? मी एवढे सरळ पट्टे मारले. तिनं नुसतं फासलंय.” तिला रडू फुटलं. “तुम्ही बघितलंच नाही. तुम्ही आमच्याकडे बघतच नव्हता. तुम्ही सगळा वेळ पंख्याकडे बघत होता.”

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. तो पुढे झाला, अप्पांच्या समोर गुडघ्यांवर बसला आणि अगदी हळू विचारलं, “अप्पा, या कुंडीचा रंग कुठला?”

अप्पांनी मान वळवली. दादाकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे. जिथून नेहमी शब्द यायचा. फार काही नको होतं. ‘शेंडे, त्या पिवळ्या हातांनी फ्रॉकला हात लावू नकोस’, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वाक्य तिच्या जिभेवर तयारही होतं, सवयच ती.

आत्या बोलली नाही.

“हिरवा,” अप्पा म्हणाले.

शेंडेफळानं आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं आणि मग आईकडे.

दादा उठला. आधी तो अप्पांवर ओरडेल असं वाटलं, पण त्याला सोपं माणूस सापडलं. “तुला माहीत होतं,” तो आत्याला म्हणाला. “तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि बापाचे डोळे जाईपर्यंत गप्प बसलीस? ऑपरेशन करता आलं असतं. लाज नाही वाटली?”

“मोतीबिंदू नाही तो, काचबिंदू आहे. गेलेली नजर ऑपरेशननं येत नाही. डॉक्टर केले, थेंब घातले, रोज घालते. तू कधी विचारलंस? वर्षातून एकदा येतोस आणि घराच्या भिंती मोजून जातोस.” आता बांध फुटलाच होता. “वहिनी, तुम्हाला काय खुपतंय ते हवं होतं ना? ते कुंडीला हात लावून बघतात पाणी हवं की नको. रंग लावल्यावर ते कळत नाही. तेवढंच काम होतं त्यांना, ते तुम्ही फुकटात रंगवून टाकलंत. आणि तुम्ही, अप्पा. तुमच्यासाठी मी काल शिव्या खाल्ल्या, आज खाल्ल्या, आणि वर मलाच वांझ म्हणालात.”

“तसं नाही म्हणालो.”

“तसंच म्हणालात.”

अप्पांनी मांडीवरची कुंडी जवळ ओढली.

“झालं ते झालं,” दादा म्हणाला. “अप्पा, तुम्ही आता आमच्याबरोबर यायचं. यावर चर्चा नाही. घराचं मी बघतो.”

“बस खाली,” अप्पा म्हणाले.

“अप्पा—”

“खाली बस म्हटलं. डोळे गेलेत माझे, तोंड गेलेलं नाही. हा मला कपाटासारखं उचलून नेणार, आणि ही मला झाकून ठेवणार. मला कुणी विचारणार आहे की नाही? मी कुठेही जाणार नाही. घर माझ्या नावावर आहे आणि मी अजून त्यात आहे. छोटीही त्यात आहे. हे पटत नसेल तर आजच बॅगा भरा.” त्यांचा श्वास लागला होता. कुंडी अजून मांडीवर होती आणि तळहात तिच्या पाठीवर. “आणि भरणार नसाल तर माळ्यावर टर्पेंटाईन आहे, पॉलिश पेपर आहे. काढा. सगळ्या कुंड्यांची पाठ मला अशी हवी. तळहाताएवढी. पुढचं चित्र राहू द्या पोरांचं.”

वहिनी उठली, न बोलता स्टूल घेतलं आणि माळ्याकडे गेली. रडून झालेल्या मोठीनं विचारलं, “माझ्या पट्ट्यांवर नको ना?” अप्पा म्हणाले, “पट्टे सरळ आहेत तुझे. त्यांना कुणी हात लावायचा नाही.”

गॅलरीत रांग बसली. टर्पेंटाईनच्या फडक्यानं रंग आधी मऊ करायचा, मग पेपरनं माती उघडी करायची. दादा जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि असा घासत होता की जणू कुंडीनंच त्याचं काही केलंय. अधूनमधून ‘यानं काय होणार’ असं पुटपुटत होता. मध्येच तो थांबला, स्वतःचा तळहात उघड्या मातीला लावला आणि डोळे मिटून काही वेळ तसाच राहिला. मग परत घासायला लागला, पुटपुटणं मात्र थांबलं. वहिनी शेजारी बसून फडकं पिळत होती. तिचे डोळे लाल झाले होते, ते टर्पेंटाईननं की कशानं हे तिलाच ठाऊक.

आत्या दारात उभी होती. अप्पा भिंतीला हात लावत तिच्याजवळ आले.

“हिरवा नव्हता ना?”

“पिवळा.”

“सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

अप्पांनी मान हलवली. ते माफी मागतील असं तिला वाटलं. त्यांनी मागितली नाही, आणि तिनंही मागितली नाही. त्या घरात तशी पद्धतच नव्हती.

“राग होता?”

“होता.”

“अजून आहे?”

“आहे.”

अप्पांनी चाचपडत कट्ट्यावरची एक कुंडी उचलली, डोळे आणि मिशांची, आणि दुसऱ्या हातानं तिचा हात शोधून तो त्या कुंडीवर ठेवला.

“मग घास,” ते म्हणाले.